उसवायला पाठवलेला रुमाल

३ मार्च

चि. ठकीस अनेक उत्तम आशीर्वाद.

सोबत एक वेडंबागडं प्रकरण पाठवते आहे. टेबलावरचा गोल रुमाल क्रोशाने करायला घेतला होता. पक्षाघाताचा झटका आल्यापासून आकडे डोक्यात राहतच नाहीत गं. एका टाक्यात दोन खांबाचे टाके घालायचे, ते कुठे तीन पडले, कुठे चार. रुमाल सपाट बसायचं सोडून चुण्याचुण्या होऊन उभाच राहिला! तुझे भावजी म्हणाले, छान झालाय. त्यांना पोतंही छानच दिसतं.

गल्लीतल्या निम्म्या बायकांना टाके मोजायला शिकवलं ती मी. फार रडले. तो उसव, लोकर चांगली आहे. सुयाही पाठवल्या आहेत. माझं विणकाम संपलं, आता आग्रह करू नकोस.

तुझी ताई

१९ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

काय रागवायचं ते आधीच रागवून घे. रुमाल उसवला नाही. धुऊन वाळवला आणि जेवणाच्या सुट्टीत उसवू म्हणून ड्युटीवर जाताना इस्पितळात नेला. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर आमच्या वॉर्डातली पोरं दोन्ही डोळ्यांना पट्ट्या बांधून पडलेली असतात. त्यातली एक सात वर्षांची मुलगी सारखी पट्टी ओढायची. समजावून समजावून माझ्या तोंडाला फेस आला. शेवटी तुझा रुमाल तिच्या हातात कोंबला.

तिने तो सगळीकडून चाचपला आणि जाहीर केलं की ही अळंबी आहे. शेजारच्या खाटेवरच्या पोराने तिला वेड्यात काढलं. त्याच्या मते तो कोंबड्याचा तुरा. मग जी जुंपली म्हणतेस! पट्टी राहिली बाजूला. आमच्या खडूस मेट्रनबाईसुद्धा डोळे मिटून चाचपून गेल्या.

सपाट रुमालात चाचपण्यासारखं काय असतं गं? सुया परत पाठवते आहे. मोजूच नकोस. शेवाळ बघ, शिंपला बघ आणि हात नेईल तसं विण. भावजींना नमस्कार.

तुझी ठकी

३० एप्रिल

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

पार्सलात तुझ्या वॉर्डातल्या पोरांसाठी अकरा वस्तू आहेत, तुझ्या भावजींनी मोजल्या. सुया आल्यावर दोन दिवस मी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग ह्यांनी अंगणातल्या झाडाच्या सालीचा तुकडा आणून माझ्या मांडीवर ठेवला. साल विणताना हात चुकला, तर ती आणखीच सालीसारखी दिसते! मग शिंपले झाले, पानं झाली, एक गोगलगाय झाली. डावा हात अजून रुसतो, पण कामाला येतो.

पट्टी निघाल्यावर त्या मुलीने आधी अळंबी मागितली, पाहिली, पुन्हा डोळे मिटून चाचपली आणि मगच ही तीच अळंबी आहे हे कबूल केलं, असं तू परवा कळवलंस. ते पत्र मी ह्यांच्याकडून तीनदा वाचून घेतलं. चौथ्यांदा त्यांनी आपणहून वाचलं.

लहानपणापासून तुला एकाच गोष्टीसाठी बोलत आले, सांगितलेलं ऐकत नाहीस म्हणून. बाई गं, या खेपेला ऐकलं असतंस तर मी आज हात मांडीत घेऊन बसले असते. तुझे हे उपकार फेडणार नाही, जपून ठेवणार आहे. लोभ आहेच. यापुढेही माझं असंच ऐकू नकोस.

तुझी ताई