ओंजळभर सरकी

अकोला, कार्तिक शुद्ध द्वितीया, शके १७८६
काल सुखरूप पोहोचलो. परदेशात कुठे लढाई पेटली आहे म्हणे, त्यामुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव. वखारीत तोलाईचे काम लगेच मिळाले. शकुनला आठवा चालू आहे. घरमालकीण मैनाबाई विधवा, निपुत्रिक, तोंडाने फटकळ. शकुनला मात्र ताटावरून उठू देत नाहीत.

मार्गशीर्ष शुद्ध पंचमी
मुलगा झाला! पहिली दोन्ही पाळण्यातच गेली, म्हणून मैनाबाईंनी तोड काढली. म्हणाल्या, "मले इकून टाका. परक्याच्या लेकराले सटवाई हात लावत नाई. सव्वा महिन्यानं माही सरकी माह्या पदरात टाका अन् न्या." ओंजळभर सरकी देऊन त्यांनी बाळ विकत घेतले, नाव ठेवले सरक्या. फार हसलो. सरकी मी दारच्या म्हशीच्या आंबोणात टाकली.

मार्गशीर्ष वद्य तृतीया
झोप नाही. सरक्या सारखा रडतो. मैनाबाईंनी घेतला की गप्प. आज शकुनने मागितला तर त्यांनी पाठ फिरवली. म्हणाल्या, इकलेल्या मालावर काहून हक्क सांगतं व माय? थट्टाच असावी. शकुन रडली.

पौष शुद्ध द्वितीया
मैनाबाई गेल्या. पटकीने, एका दिवसात. शेवटपर्यंत बोट पाळण्याकडे. त्यांना शेवटची अंघोळ घालणारी शेजारची गंगूबाई सांगत होती, साठीच्या बाईची चोळी दुधाने भिजलेली.
लाज वाटते, पण सुटल्यासारखे झाले.

पौष शुद्ध षष्ठी
बाळ शकुनला तोंड लावत नाही. तरी पोट टम्म, ओठांवर दूध. शकुनच्या छातीत गाठी, अंगात ताप. पाळण्याची दोरी कुणी ओढत नाही, तरी—

पौष शुद्ध अष्टमी
गंगूबाईने विचारले, सरकी कुठं हाय? तीच लागंन, दुसरी नाई चालत.
मी सांगितले, म्हशीने खाल्ली. शकुन हसत सुटली. थांबेना.
वखारीतून दुसरी ओंजळ आणून मैनाबाईंच्या उंबऱ्यावर ठेवली. सरकीसारखी सरकी. मेलेल्या बाईला काय कळते—

नवमी, भर दुपार
उंबरा रिकामा. मैनाबाईंनी घेतली! शकुनला हाक मारली, बाळ तुझे झाले. ती धावली, पाळण्यात हात घातला—
सरकी. काठोकाठ. ओली, कोमट, दुधाचा वास. शकुन दोन्ही हातांनी उपसते आहे, तळ लागत नाही—
पलीकडे मैनाबाईंच्या बंद खोलीत बाळ चुटुचुटु पिते आहे. शकुनला ऐकू आले. दाराशी गेली. कडी आतून—
आता आतून मैनाबाईंचा आवाज मला विचारतो आहे, दुसऱ्या ओंजळीचं लेकरू कवा देता, भाऊ—
शकुन माझ्याकडे पाहून होकाराची मान हल—