आईचा एक कप

रोझेनहोफ, मॅनिटोबा
शनिवार, ११ मे १९५७, दुपारी सव्वाचार. भट्टीतून दुसरा ट्रे काढून लगेच लिहायला बसलो आहे.

ती. सारामावशीस,
डीड्रिखचा नमस्कार.

आईला जाऊन तीन महिने झाले. २६ तारखेच्या रविवारी पीटरकाका तीनच्या कॉफीला येणार आहेत. ज्या घरात पाव भाजणारं कुणी नाही, तिथं नऊ वर्षांची पोर कशी वाढायची, असं त्यांनी बाबांना ऐकवलं. लेनाला ते स्वतःच्या घरी न्यायचं म्हणतात. बाबा बघू म्हणाले. बाबांचं बघू तुला ठाऊक आहे.

म्हणून मी आईसारखे दोन गोळ्यांचे झ्वीबाख पाव करायला शिकतो आहे. दोन्ही वेळा वरचा छोटा गोळा खालच्यावरून घसरला. लेना म्हणते, हे पाव चर्चमध्ये डुलक्या काढणाऱ्या म्हाताऱ्यांसारखे दिसतात. आईच्या वहीत 'चरबी एक कप' एवढंच आहे. घरातले चारही कप पाणी भरून ताडून पाहिले, चारही वेगळे निघाले. कोणता धरू?

तुझा
डीड्रिख

हेग, सस्कॅचेवान
१६ मे

चि. डीड्रिख,
तुला व लेनाला आशीर्वाद.

त्यांतला एकही नाही. तुझ्या आईचा कप म्हणजे कान तुटलेला निळा. दफनानंतर तिच्या वस्तू वाटल्या, तेव्हा आठवण म्हणून मीच तो उचलला आणि त्यात बटणं ठेवली. तिचं माप आपण घेऊन चाललोय, हे ध्यानातच आलं नाही. चिंधीत गुंडाळून पाठवते आहे. चरबी काठोकाठ नको, आतल्या तड्यापर्यंतच.

वरचा गोळा ठेवलास की अंगठा ट्रेला टेकेपर्यंत आत दाब. तू भीत भीत दाबत असणार; लहानपणी कोंबडीही तशीच धरायचास आणि ती सुटायची. भाजायचं ते शनिवारीच, रविवार विसाव्याचा. रविवारी भट्टी पेटलेली दिसली, तर पीटरला आणखी एक प्रवचन सुचेल.

सारामावशी

रोझेनहोफ
रविवार, २६ मे, संध्याकाळी सहा. टेबल पुसून झालं आहे.

ती. सारामावशीस,
नमस्कार.

कप धड पोचला. काल छत्तीस केले. तीन घसरले, ते लेनानं काका यायच्या आत संपवले.

काकांनी पहिल्याचं डोकं मोडून त्याला जॅम लावला, दुसरा कॉफीत बुडवला. पाच खाल्ले आणि शेतातल्या ओलीबद्दल बोलत राहिले. मग म्हणाले, पोरीची तयारी झाली असेल तर निघू. बाबांनी त्यांच्यापुढं सहावा ठेवला आणि सांगितलं, पोर इथंच राहील.

लेनाच्या कपड्यांसाठी काकांनी रिकामी पेटी आणली होती. काकूसाठी म्हणून लेनानं त्याच पेटीत डझनभर झ्वीबाख भरले आणि ती स्वतः गाडीत नेऊन ठेवली.

आमच्यावर माया आहेच, ती राहू दे.

डीड्रिख