ग्रीनहाऊसला आणखी एक खोली

१ मे
दाचावर, म्हणजे शहराबाहेरच्या आमच्या उन्हाळी घरी, पोहोचलो. यंदा बागेत ग्रीनहाऊस बांधायचंच. व्होलोग्दाच्या थंडीत टोमॅटो लाल व्हायचं नाव घेत नाहीत, दरवर्षी हिरव्यांचंच लोणचं. बायको तैसिया म्हणाली, अरे लेव, मला महाल नको, रोपांपुरता आडोसा कर. फेब्रुवारीपासून शहरातल्या खिडकीत दह्याच्या डब्यांमधून रोपं वाढवली आहेत तिने. त्यांच्याशी बोलते. माझ्याशी कमी.

शेजारी प्रोखोर भेटला. त्याच्या शहरातल्या बिल्डिंगमध्ये सगळे प्लास्टिकच्या खिडक्या बसवताहेत, जुन्या लाकडी काचेसकट कचऱ्यात. मला आणून देईन म्हणाला. फोटोही दाखवला, एक फ्रेम निळी आहे. देवमाणूस.

७ मे
सांगाडा उभा. सरळ आहे. जरा डावीकडे सरळ आहे.
तैसियाने विचारलं, रोपं लावू? म्हटलं, थांब. टोमॅटोला कोरडी हवा लागते, काकडीला दमट. दोघांचं एका छताखाली जमायचं नाही. काकडीला वेगळी खोली काढतो.

१४ मे
प्रोखोर हात हलवत आला. खिडक्या नाहीत. म्हणाला, अडचण आली रे. कसली, ते सांगेना. भर हंगामात तोंडघशी पाडलं मला.

१५ मे
मार्ग निघाला. आपल्याच व्हरांड्याच्या खिडक्या. टेम्पररी. तैसिया शहरात गेली आहे तोवर काढून टाकल्या. सरप्राइज.

१८ मे
सरप्राइज आवडलं नाही. म्हणाली, दिवसभर मातीत वाकून मरते, संध्याकाळी चहाला ती एक जागा होती माझी. तीही उचकटलीस. काचा परत बसेपर्यंत तुझ्याबरोबर चहा घेणार नाही.
लग्न झाल्यापासून दाचावरचा संध्याकाळचा चहा आम्ही एकत्र घेतोय. रागाच्या भरात बोलली. विसरेल.

१९ मे
विसरली नाही. व्हरांड्यात एकटा बसलो. मी आणि डास.

२ जून
रोपं डब्यातच लांबून पिवळी पडली. तैसिया रोज विचारते. म्हटलं, अगं, अर्धवट बांधकामात कुणी राहायला जातं का? द्राक्षांची खोली बाकी आहे. द्राक्षं कधी ठरली, असं तिने विचारलं. बायकांना प्लॅनिंग कळत नाही.

६ जून
रोपं गायब! प्रोखोरला देऊन आली. माझ्या ग्रीनहाऊसची रोपं! म्हणाली, मातीत तरी जातील बिचारी. त्याचं ग्रीनहाऊस म्हणजे चार काठ्या आणि प्लास्टिकचा कागद. घरातलंच माणूस उलटलं, आता बोलायचं कुणाला?

२० जुलै
ग्रीनहाऊस पूर्ण. तीन खोल्या. आत काही नसल्याने आणखीच ऐसपैस वाटतं. काचा घासूनपुसून लख्ख केल्या.

११ ऑगस्ट, संध्याकाळ
भारी कल्पना. टोमॅटोच्या खोलीत टेबल मांडलं, दोन कप ठेवले. काचाच हव्या होत्या ना तिला? चारी बाजूंनी काचा. हाक मारली. घरात नव्हती.
बसलो. इथून सगळं स्वच्छ दिसतं. प्रोखोरने नवा व्हरांडा केलाय. लाकडी खिडक्या. एक निळी.
आत तैसिया. पुढ्यात ताटलीत चिरलेले टोमॅटो, लालभडक, वर मीठ. प्रोखोरने तिच्या कपात साखर घातली. दोन चमचे. तैसिया बिनसाखरेचा घेते. मी इथूनच ओरडून सांगितलं. काचेतून आवाज गेला नसावा.
तिने चहा ढवळला आणि प्यायला.