सव्वा मूठ गहू

धुळे, ८ जुलै २०२५

चि. दिपमाला हिस काकूचे अ. उ. आ.

परवा निकाल लागल्यापासून तू माझे नऊ फोन उचलले नाहीस. दहावा करणार नाही. गैरहजर मुलीच्या घरी चिठ्ठी पाठवायची सवय मला शाळेपासून आहे, निवृत्त झाले तरी ती सुटलेली नाही.

गुण तुझ्या बाबांनी, भाईदास भाऊजींनी, सांगितले. तिन्ही पेपरांत चाळीसच्या वर, बेरीज एकशे सत्तेचाळीस. दीडशे हवे होते. दुसरा ग्रुप तू गेल्या वर्षीच काढलास, म्हणजे सी.ए. होण्याच्या आड आता फक्त हे तीन गुण उभे आहेत. तिसऱ्यांदा गेला म्हणून काय झालं? विहीर खणणारा पाणी लागायच्या हातभर आधी पहार टाकून घरी जातो का?

सप्टेंबरच्या परीक्षेचा फॉर्म अठरा तारखेपर्यंत आहे. तो भर. गेल्या वर्षी कानबाईच्या रोटाला काय ठरलं ते तू विसरली नसशीलच. देवीच्या नैवेद्याच्या रोटांसाठी गहू मोजताना आपल्या घरात प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ पडते, पाळण्यातल्या पोराचीसुद्धा, आणि मुलींची पडत नाही. या घरात सून म्हणून आल्यापासून मी त्यावर भांडते आहे. शेवटी तुझ्या आजोबांनी, आपल्या नानांनी, सगळ्या भाऊबंदांसमोर शब्द दिला की नात सी.ए. झाली तर तिच्या नावाची मूठ पडेल. तो शब्द मी वाया जाऊ देणार नाही. यंदाचे रोट दोन ऑगस्टला. तोपर्यंत निदान फॉर्म भरल्याचं तरी मला नानांना सांगता आलं पाहिजे.

आजी विचारतात, पोर जेवते का. तेही कळव.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून,
मोहिनीकाकू


जळगाव, ११ जुलै २०२५

ती. काकूस सा. न.

फोन उचलला नाही कारण फोनवर तू भाषण करतेस. मध्ये बोलायला जागा मिळत नाही. पत्रात निदान माझी पाळी येते.

जेवते. आजीला सांग, दोन्ही वेळा जेवते आणि निकालाच्या दिवशी तर बाबांनी आणलेली शेवभाजीही खाल्ली. रडायचं राहून गेलं.

फॉर्मचं अजून ठरलेलं नाही. आर्टिकलशिप जिथे केली त्या फर्मच्या सरांनी नोकरी देऊ केली आहे. एक ऑगस्टपासून यायचं, रोजचं पूर्ण काम. ते धरलं तर सप्टेंबरचा अभ्यास होणार नाही. सप्टेंबर धरला तर सर दुसऱ्या कुणाला घेतील. काकू, मला ते काम आवडतं. दालमिलमध्ये साठा तपासायला जायचं, पोत्यात सळई खुपसून खालची डाळ बाहेर काढायची, ओल आहे का बघायचं. तिथे मला कधी भीती वाटली नाही.

परीक्षेत वाटते. आज ते लिहूनच टाकते. ऑडिटच्या पेपरला शेवटची चाळीस मिनिटं राहिली होती. उत्तर येत होतं. आणि डोळ्यांसमोर नाना दिसले, गव्हाच्या परातीवर मूठ धरून थांबलेले. सगळे माझ्याकडे बघताहेत. पेन हातात होतं, अक्षर उमटत नव्हतं. ते तीन गुण तिथे गेले असतील.

नानांना नमस्कार. स्वप्नीलदादाला सांग, त्याने पाठवलेले धीराचे संदेश पुरेत, सगळे सुविचार मला पाठ झाले.

तुझी,
दिपमाला


धुळे, १४ जुलै २०२५

चि. दिपमाला हिस अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. भीती वाटली म्हणून नोकरीच्या आडोशाला जायचं, याला मी निर्णय म्हणत नाही. सळई पोत्यात खुपसणं चांगलंच आहे, पण अहवालाखाली सही कुणाची असते? सरांची. तुझ्या मेहनतीवर आयुष्यभर दुसऱ्याची सही चालेल तुला?

मी शाळेत शेकडो मुली पाहिल्या. हुशार मुली नापास होऊन थांबल्या नाहीत, त्यांना कुणीतरी समजूतदारपणे थांबवलं. झालं तेवढं पुष्कळ, आता घर बघ, असं गोड बोलून. तो गोड आवाज आता तुझ्याच डोक्यात बोलायला लागला आहे. त्याला हाकल.

आणि इथली परिस्थिती ऐक. नाना काल ओट्यावर मुद्दाम मोठ्याने म्हणाले की आता मूठभर गहू वाचले. चार जण हसले. मी घरात भाकरी थापत होते, तव्यावरची करपली. एवढ्या वर्षांचं भांडण, एका शब्दावर आणून ठेवलेलं, ते तू तीन गुणांसाठी सोडणार? तू हरलीस तर या घरात पुढे जन्मणारी प्रत्येक मुलगी हरेल. तेवढं ध्यानात धर आणि मग अठरा तारखेला जे करायचं ते कर.

रागावले असं वाटलं तर तसंच समज. राग परक्यावर येत नाही.

तुझी वाट पाहणारी,
मोहिनीकाकू


जळगाव, १७ जुलै २०२५

ती. काकूस सा. न.

आज मी थोडं कडू लिहिणार आहे. तूच शिकवलंस की खरं बोलताना आवाज चढवू नये, म्हणून शांतपणे लिहिते.

स्वप्नीलदादा बारावीला दोनदा नापास झाला. तुझाच मुलगा, तुला तारखांसह आठवत असेल. त्या दोन्ही वर्षी त्याची मूठ पडली. नानांनी त्याला गुण विचारले नाहीत. पडायलाच हवी होती, तो या घरात जन्मला. मीही याच घरात जन्मले. मग माझी मूठ दीडशे गुणांवर कुणी ठेवली?

नानांनी ठेवली असं तू म्हणशील. पण नानांनी अट घातली तेव्हा तू हात जोडून मान्य, मान्य म्हणालीस. मी तिथेच उभी होते. तुला वाटलं तू जिंकलीस. मला मात्र तेव्हापासून तीन परीक्षा द्याव्या लागल्या, एक संस्थेची आणि दोन आपल्या घराच्या: एक नानांची, एक तुझी. पुढे जन्मणाऱ्या मुलींचं म्हणतेस, तर त्यांनाही सी.ए. व्हावं लागणार का गव्हासाठी?

उद्या अठरा तारीख. फॉर्म भरला की नाही, हे मी तुला सांगणार नाही. बाबांनाही नाही. रोटाच्या दिवशी मी येईन. तोपर्यंत तू मला विचारू नकोस. मी पुढे शिकणार की थांबणार हे माहीत नसताना तू माझ्यासाठी काय करतेस, ते मला बघायचं आहे.

आजीला सांग, जेवते.

दिपमाला


धुळे, २५ जुलै २०२५

चि. दिपमाला हिस आशीर्वाद.

उत्तराला आठवडा लागला. पहिली तीन पत्रं लिहून फाडली. तिन्हींत मी बरोबर होते.

तू लिहिलंस ते खरं आहे. एवढी वर्षं हक्क म्हणून मागत होते, आणि मिळायची वेळ आली तेव्हा बक्षीस म्हणून घेतला. तेही माझ्या जिवावर नाही, तुझ्या. याहून जास्त लिहिलं तर त्याचं भाषण होईल.

रविवारी नानांना सांगितलं की ती अट मी मोडली. त्यांनी विचारलं, पोरीने फॉर्म भरला का. मी म्हणाले, मला माहीत नाही आणि विचारणार नाही. मग मूठ कशाच्या आधारावर, असं त्यांनी विचारलं, तर मी म्हणाले, स्वप्नीलची पडते त्याच आधारावर. नाना उठून ओट्यावर गेले. तेव्हापासून माझ्याशी स्वप्नीलमार्फत बोलतात. मी समोर कप घेऊन उभी असले तरी स्वप्नीलला हाक मारून सांगतात की तुझ्या आईला सांग, चहा दे. स्वप्नील म्हणतो, त्याच्या नापास होण्याचा घराला इतका उपयोग आजवर झाला नव्हता.

नाना ऐकतील असं वाटत नाही. भाऊबंदांसमोर दिलेला शब्द त्यांना आता भिंतीसारखा झाला आहे. तरी तू ये. मूठ पडली नाही तर त्या परातीपाशी मी तुझ्याशेजारी बसेन. तुझ्या मनात काय आहे ते मात्र माझ्या जिवाला रोज खातं. सहज लिहिलं. विचारत नाही.

तुझीच,
मोहिनीकाकू


जळगाव, १० ऑगस्ट २०२५

ती. काकूस सा. न.

रोटाहून आले ती तशीच कामाला लागले, म्हणून उशीर. तू शेजारी होतीस तरी तुला माझ्या बाजूचं दिसलं नसेल. सांगते.

नाना नावं घेत होते आणि मुठी टाकत होते. स्वप्नीलदादाचं नाव झालं आणि ते थांबले. अगदी पेपरात दिसले होते तसे. सगळे माझ्याकडे बघत होते. तू एक शब्द बोलली नाहीस. काकू, तुला गप्प बसलेलं मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं आणि मला त्यानेच बळ आलं. तेवढ्यात आजीने गव्हाचं सूप माझ्यापुढे सरकवलं. हात तुना शे, मूठ तूच टाक, एवढंच म्हणाली आणि पदराने कपाळ पुसत बसली, जणू काही झालंच नाही.

मी टाकली. आता नाना उठून जातील असं वाटलं. ते परातीत बघत राहिले आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की मूठ झाली, वरची पाव राहिली, रोट सव्वा मुठीचे असतात. तू हसलीस ते मी पाहिलं. तिथेही मी थोडक्यासाठी कमी पडले बघ. पण तिथे लगेच पुन्हा हात घालता आला.

आता फॉर्मचं. मी तो भरला नव्हता. अठराला रात्री संगणक बंद केला आणि एकोणीसला सरांना हो म्हणाले. म्हणजे तू नानांशी भांडत होतीस ती थांबलेल्या मुलीसाठी. हे तुला समजावं, म्हणून आधी लिहिलं.

आणि काल सरांशी बोलले. नोव्हेंबरपर्यंत पूर्ण काम करीन, मग सुट्टी घेईन आणि जानेवारीला बसेन. सर म्हणाले, जागा राहील. अहवालाखालच्या सहीचं तू लिहिलं होतंस, ते डोक्यातून जात नाही. तेवढं तुझं बरोबर होतं, पण फार फुगू नकोस. पुन्हा तीन गुणांनी गेला तर तेव्हाचं तेव्हा बघीन.

नानांना सांग, जानेवारीचा निकाल काहीही लागो. माझे गहू दळून झाले. पिठातून मूठ परत काढता येत नाही.

आजीला नमस्कार. भाषण आलं तरी चालेल, फोन उचलीन.

तुझी,
दिपमाला