चौथा पाय

अमरावती,
गुरुवार, ता. ६ ऑक्टोबर १९३८

चि. सौ. सिंधू,

तुझं पत्र ऐन दसऱ्याला हाती आलं. सोनं वाटायला बाहेर पडण्याआधी तेच वाचलं. जावईबापूंचा खोकला गेला हे वाचून बरं वाटलं. मी ठीक आहे. मनकर्णाबाई दोन वेळचं करून जातात. भाजीत तिखट जरा जास्त पडतं, पण त्यांना ते सांगायची सोय नाही.

तू विचारलंस, नाना, पेन्शनीत दिवसभर करता काय? तर मी आगगाडीचं टेबल करतो आहे. कँपातल्या इंजिनियरसाहेबाने विलायतेला परत जाताना घरचं सामान विकलं, त्यातली ती किल्लीची गाडी तुला आठवत असेल. इंजिन, चार डबे, पत्र्याचे रूळ. चार वर्षं ती पेटीतच होती. शाळा सुटली आणि जूनमध्ये मी पेटी उघडली.

जमिनीवर रूळ मांडले तर गुडघे साथ देत नाहीत, म्हणून टेबल. बघणाऱ्याला गाडीचं कौतुक असतं, पण खरं काम खालच्या लाकडाचं. टेबल केसभर हललं तरी वरचा रूळ सरकतो आणि डबा उलटतो. मी आठ फूट बाय पाच फुटांची सागाची चौकट केली. दर सव्वा फुटाला आडवी पट्टी दिली. खिळा एकही नाही, सगळे स्क्रू. पायांना तिरके आधार दिले, वर आंब्याच्या फळ्या टाकल्या. पाणसळ ठेवून चारी कोपरे पाहिले, बुडबुडा बरोबर मधोमध. ड्रॉइंग मास्तरची तीस वर्षं अगदीच वाया गेली नाहीत. एका कोपऱ्यात पुठ्ठ्याचं अमरावती स्टेशन आहे, मग बडनेरा, मग मूर्तिजापूर, आणि चौथ्या कोपऱ्यात तुझं अकोला.

एक गोष्ट मात्र जमत नाही. गाडी अकोल्याच्या अलीकडे थांबते. किल्ली उरलेली असते, चाकं मोकळी असतात, तरी थांबते. रूळ बदलून पाहिले. त्या कोपऱ्यावर वाटीभर पाणी ठेवून टेबलावर मूठ आपटली, पाणी फारसं हललंही नाही. तरी तिथून करकर ऐकू येते. दुपारी जेवून पडलो की गाडी बंद असतानाही येते. मनकर्णाबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "लाकूडच ते. वाळून राहिलं असंन." लाकूड नवीन असतं तर मीही तेच म्हटलं असतं. त्या कोपऱ्याचा पाय जुन्या सागाचा आहे.

तुमच्या घरावर माडी चढते आहे, फार आनंद झाला. पण शालिकराम सुतार कामाला आला तर उभा करू नका, असं जावईबापूंनी मिस्त्रीला बजावल्याचं तू लिहिलंस. सिंधू, त्याचं नाव घेणं आता सोडा. चार वर्षं झाली.

तुझ्या आईचं श्राद्ध कार्तिक शुद्ध सप्तमीला. येशील तेव्हा गाडी दाखवीन.

नाना


अमरावती,
बुधवार, ता. १२ ऑक्टोबर

चि. सौ. सिंधू,

हे वाचून तू रागावशील. रागाव, पण शेवटपर्यंत वाच. काल मी टांगा करून वलगावला गेलो होतो. शालिकरामकडे.

चौथ्या कोपऱ्याचं माझ्याने काही होत नव्हतं. झोप लागत नव्हती. असं काम त्याच्याइतकं कोणाला कळतं? मी स्वतःला हेच कारण सांगत गेलो.

दारात त्याची बायको पार्बताबाई धान पाखडत होती. मला पाहून ती उठली नाही. "काहून आले मास्तर? आता आनखी काय पडलं तुमच्या घरचं?" एवढं बोलून तिने सूप पुन्हा हलवायला घेतलं.

तो मागे बंडीच्या चाकाला आरे बसवत होता. केस पार पांढरे झाले आहेत. मी विचारलं, "घराची कामं घेत नाहीस?"

"डोक्यावरचं काम सोडलं मी, मास्तर. बंडी, वखर, पाट. जे जमिनीवर राहते तेच करतो." आरा ठोकता ठोकता आपणच म्हणाला, "चार वर्सं मनातल्या मनात तुमच्या माळ्याचा तो सांधा खोलून पाहून राहिलो. कुठं चुकलो ते काई सापडत नाही."

मी टेबलाचं सांगितलं. वाटलं, नाही म्हणेल. पण तो आज सकाळी हत्यारांची पिशवी घेऊन आला. आईच्या तेराव्याला तू त्याला जिथून परत पाठवलंस, तिथेच अंगणात उभा राहिला. मी दोनदा 'ये' म्हटलं तेव्हा आत आला.

टेबलाखाली उताणा पडून तो एकेक पट्टी ठोकून बघत होता. "काम चांगलं केलं तुमी," म्हणाला. मग एकदम ठोकणं थांबलं.

"मास्तर, घरात बाई कोन हाये?"

मनकर्णाबाई केव्हाच गेल्या होत्या. मी म्हटलं, "कोणी नाही."

"मले वाटलं, कोनी इचारून राहिलं."

"काय?"

"नीट समजलं नाही. टेबलाचं काही होतं."

तो सरकत चौथ्या कोपऱ्याकडे गेला आणि त्या पायावर त्याने हात ठेवला.

पुढचं आज लिहवत नाही. टपाल निघायची वेळ झाली आहे.

नाना


अमरावती,
शुक्रवार, ता. १४ ऑक्टोबर

सिंधू,

परवा टपाल निघायला चांगले दोन तास होते. मीच थांबलो.

शालिकरामने त्या पायावरून वरपर्यंत हात फिरवला. टोकाशी एक तिरपी खाच आहे. मी रंधा मारला, रंग दिला, तरी ती बुजली नव्हती. तो बाहेर आला आणि भिंतीला टेकून बसला. "हा टेकू माहा हाये. तुमच्या माळ्याचा, मधला." मग म्हणाला, "माळा पडल्यावर काढला असंन तुमी."

मी नुसतं 'हो' म्हणायचं होतं. त्याची विश्वास ठेवायची तयारी होती. चार वर्षं त्याने माझ्यावर विश्वासच ठेवला आहे.

मी म्हणालो, "पडायच्या आधी. आठ दिवस आधी."

आता तुला सांगतो. त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर मी पहिलं टेबल करत होतो. तीन पाय झाले, चौथ्याला लाकूड कमी पडलं आणि वखार सुट्टीमुळे बंद. मधल्या खोलीतल्या माळ्याला शालिकरामने सागाचे तीन टेकू दिले होते. मला वाटलं, दोन पुरतील. नवं लाकूड आणलं की मधला पुन्हा बसवू. मी तो काढला, कापला आणि टेबलाला लावला. वखार उघडली तेव्हा मला गाडीचं वेड लागलेलं होतं. टेकू तसाच राहिला. तुझ्या आईला मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती रागावली असती, एवढंच त्याचं कारण.

ती फराळासाठी मोठी परात काढायला वर चढली. मी पुढच्या खोलीत इंजिनाला किल्ली देत होतो. करकर ऐकू आली. सिंधू, ती बराच वेळ येत होती. ओरडायला पुरला असता इतका वेळ. मला वाटलं, टेबल वाजतंय. मी वाकून टेबलाखाली बघत होतो, तेव्हा माळा खाली आला.

तिला बाजेवर निजवलं आणि डॉक्टर येईपर्यंत, कोणी टेकू मोजायच्या आत, मी पडलेली लाकडं उचलून परसात नेली. शेजारच्या किसनरावांनी विचारलं, कसं झालं? मी म्हणालो, "सांधा निसटला." माझ्या तोंडून ते फार सहज निघालं. मग ते गावभर झालं. तेराव्याला तो बिचारा अंगणात येऊन हात जोडून उभा राहिला आणि सगळ्यांसमोर तू त्याला म्हणालीस, "माझी आई तुझ्या हातांनी गेली. आमच्या दारात पुन्हा येऊ नकोस." तेव्हा मी तुझ्या शेजारी होतो. माझा हात तुझ्या पाठीवर होता.

आणखी एक आहे, ते आजवर कोणालाच माहीत नाही. तिसऱ्या दिवशी ती शुद्धीवर आली होती. तू औषध आणायला गेली होतीस. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "टेबल पक्कं झालं का हो?"

आवाजात राग नव्हता. वर चढताना तिने रिकामी जागा पाहिली असणार. मी म्हणालो, "झालं." तिने मान हलवली आणि डोळे मिटले. पुढचे पाच दिवस ती तुझ्याशी बोलली, शेजारणींशी बोलली, पण टेकूचं कोणापाशी काढलं नाही. तिने मला क्षमा केली की मीच सांगावं म्हणून वाट पाहिली, हे मला अजून कळलेलं नाही. ते लाकूड मला जाळवलं नाही, फेकवलंही नाही. यंदा नवं टेबल करताना माझाच हात त्याच्याकडे गेला. का, ते मला विचारू नकोस. रोज दुपारी करकर येते आणि तिच्या मागोमाग तो प्रश्न येतो. मी चौकट आणखी भक्कम करत राहिलो. आता त्या टेबलावर माणूस उभा राहील, इतकं ते भक्कम आहे.

हे सगळं मी शालिकरामला सांगितलं. त्याने त्या खाचेवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग म्हणाला, "मंग माहा सांधा टिकला होता."

"टिकला होता."

"मधल्या टेकूबिगर? आठ दिवस?"

"हो."

मग तो रडला. माझ्यावर चिडून नाही. "माह्या बापानं शिकवला होता तो सांधा," एवढंच पुनःपुन्हा म्हणत होता. मी त्याच्या पायांना हात लावायला वाकलो, तर त्याने पाय मागे घेतले. "मास्तर, तसं करू नका. माही चार वर्सं त्यानं वापस येत नाही." मग पिशवीतून पेचकस काढून त्याने तो पाय सोडवला आणि काखेत घेतला. "हा पार्बतीले दाखवतो. तिनंबी मले काही इचारलं नाही इतके दिवस." दारात थांबून म्हणाला, "ताईनं माणसांत सांगितलं होतं. तुमीबी माणसांत सांगा."

काल मी पुन्हा वलगावला जाऊन दोघांना श्राद्धाच्या दिवशी यायला सांगून आलो. त्या दिवशी गुरुजी असतील, किसनराव असतील, तेराव्याला होते ते बहुतेक सगळे असतील. त्यांच्यासमोर मी हे बोलणार आहे. जावईबापूंना हे पत्र दाखव आणि मिस्त्रीला जे सांगितलं ते मागे घ्यायला सांग. शालिकराम डोक्यावरचं काम पुन्हा करील की नाही, मला ठाऊक नाही. पण ते त्याने ठरवावं, आपण नाही.

पार्बताबाईने माझं सगळं ऐकून घेतलं. तो सागाचा तुकडा तिच्या मांडीवर होता. ती म्हणाली, "येऊ आमी. जेवाले नाही, आयकाले."

तुला 'ये' म्हणायचा अधिकार मला नाही. आलीस तर माझ्या शेजारी उभी राहू नकोस. अंगणात त्या दोघांजवळ उभी राहा.

खाली नाना असं लिहीत नाही. ते नाव तू दिलेलं आहे, ठेवायचं की काढून घ्यायचं ते तूच बघ.

कमलाकांत मोहरील