नरकासुराचं तोंड

बाबा, या दिवाळीत मी तुम्हाला मुळीच आवडलं नसतं असं एक काम केलं, आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही. इथे कतारमध्ये, अल हिलालच्या आमच्या फ्लॅटमध्ये, हॉलमधला सोफा भिंतीला सरकवून, मी आणि तुमच्या नातीने नरकासुर केला. तिला तुम्ही पाहिलं नाहीत. तुम्ही गेल्यावर पाच वर्षांनी ती झाली. आता नऊ वर्षांची आहे. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत देते. ऑक्टोबर संपता संपता तिच्या मैत्रिणीच्या कंपाउंडमध्ये मुलं भुतं आणि चेटकिणी होऊन दारोदार चॉकलेटं मागत फिरली, तेव्हा हीसुद्धा पांढरी चादर पांघरून गेली. घरी येऊन म्हणाली, "आई, डोन्ट वी हॅव अवर ओन घोस्ट्स?" मी म्हटलं, "आहेत की. भरपूर आहेत." बोलून गेले आणि लक्षात आलं, हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने उच्चारलं होतं.

मी दहा वर्षांची आहे, गावच्या घरी. भात कापून खळ्यात आलंय, आणि ते झोडायला येणारी बाई दुपारी पेज जेवायला बसली की मला गोष्टी सांगते. हातात घुंगुरकाठी, खांद्यावर घोंगडी, असा देवचार, गावाचं राखणदार भूत, शिवेवरून फिरतो म्हणे. मी विचारते, तो माणसांना खातो का? ती हसते. "खातलो कित्याक? वाट चुकलेल्याक तो घराक पोचयता गो." वाडीतल्या पोरांनी त्या वर्षी दिवाळीच्या पहाटे जाळण्यासाठी पेंढ्याचा नरकासुर बांधायला घेतला होता, आणि माझी चित्रकला बरी म्हणून त्याचं तोंड करायचं काम माझ्याकडे आलं. चार दिवस खपून मी ते पुठ्ठ्यावर केलं. करवंटीचे डोळे, काजळाच्या भुवया, काथ्याच्या मिशा, भोपळ्याच्या बियांचे दात. ते इतकं चांगलं जमलं होतं की मला स्वतःलाच त्याच्याकडे एकटीने बघवत नव्हतं. तुम्ही शाळेतून आलात, ओसरीवर ते पाहिलंत. आवाजसुद्धा चढवला नाहीत. "मास्तराच्या घरात राक्षस? मी मुलांना शाळेत काय सांगतो आणि घरात हे?" एवढंच म्हणालात, आणि ते उचलून न्हाणीतल्या चुलीत, पाण्याच्या हंड्याखाली सारलंत. त्या बाईलाही बजावलंत की पोरीला यापुढे काही सांगायचं नाही. ती नंतरही कामाला येत राहिली, पण माझ्याकडे बघायची नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे आईने मला उटणं लावलं आणि त्याच हंड्यातलं ऊन पाणी माझ्या अंगावर ओतलं. बाहेर पोरांनी नरकासुराला मडक्याचं तोंड लावून तो जाळला. तुम्ही मला बघायलाही सोडलं नाहीत.

तुम्ही असे का वागलात ते मला फार उशिरा कळलं, आईकडून. तुमची धाकटी बहीण तापाने फणफणली होती, आणि घरच्यांनी डॉक्टरऐवजी भगताला बोलावलं. बाहेरची बाधा आहे म्हणत त्याने तिला धुरी दिली, केस धरून हलवलं, आणि तिसऱ्या दिवशी ती गेली. तुम्ही तेव्हा कॉलेजातही गेला नव्हतात. पुढे गावातल्या एका बाईला असंच छळत होते तेव्हा तुम्ही एकटे तिच्या अंगणात जाऊन उभे राहिलात आणि तिला रिक्षात घालून तालुक्याच्या दवाखान्यात नेलंत, हेही मला ठाऊक आहे. त्यापुढे मी आजही मान खाली घालते. पण आत्याला भुताने मारलं नाही, बाबा, आणि गोष्टीनेही मारलं नाही. घरात चार मोठी माणसं होती, त्यांनी डॉक्टरला बोलावलं नाही, म्हणून ती गेली. त्याची शिक्षा माझ्या पुठ्ठ्याला का? तुमच्या हयातीत हे विचारायची माझी छाती झाली नाही. आता विचारते.

इथल्या मराठी कुटुंबांच्या दिवाळी कार्यक्रमाची मीटिंग होती. मी म्हटलं, मुलांसाठी नरकासुर करूया. पुण्याचे एक ज्येष्ठ इंजिनियर आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात. ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "किल्ला ठेवू, आकाशकंदील ठेवू. राक्षस कशाला? लहान मुलं आहेत, घाबरतील."

"घाबरू देत की," मी म्हटलं.

काका यादीतल्या पुढच्या विषयाकडे वळले. मग मीच म्हटलं, "काका, मागच्या आठवड्यात हीच मुलं तोंडाला कवट्या रंगवून फिरली, तेव्हा फोटो तुम्हीच काढत होतात." काका म्हणाले, "ते वेगळं." वेगळं कसं, ते मी विचारत राहिले; मला तो विषय सोडवेना. शेवटी होकार मिळाला, जरा नाराजीनेच.

नवऱ्याच्या प्लांटवरच्या जुन्या कव्हरऑलमध्ये, म्हणजे अंगभर डांगरीत, आम्ही पॅकिंगचे कागद कोंबले. तोंड मात्र मी केलं नाही. माझे हात शिवशिवत होते, तरी मी ते तिलाच करू दिलं. दातांच्या जागी तिने मोडक्या कीबोर्डची बटणं चिकटवली. कार्यक्रम अल अझीझियामध्ये एकांच्या व्हिलाच्या अंगणात होता. इथे काही जाळायची सोय नाही, म्हणून तो फाडायचा असं ठरलं. भिंतीला टेकवून उभा केला तेव्हा एक चार वर्षांचा मुलगा असा काही रडायला लागला की त्याच्या आईने त्याला उचलून आत नेलं, जाताना माझ्याकडे एक नजर टाकून. काकाही बघत होते, अगदी तुमच्यासारखे. पण मी नरकासुर झाकला नाही, हलवला नाही. लेक आत जाऊन त्या मुलाला सांगून आली, "टच द टीथ, दे आर जस्ट कीज," पण तो काही आईच्या मानेतून तोंड वर काढेना. मग कोणीतरी अरबीत "यल्ला", चला, असं ओरडलं आणि सगळी पोरं त्या कव्हरऑलवर तुटून पडली. गलका ऐकून तो मुलगा आईच्या कडेवरून बाहेर आला, थोडा वेळ बघत राहिला, आणि त्याने पायातली चप्पल काढून नरकासुराला फेकून मारली. लागली नाही. दुसरीही फेकली. काका निघताना म्हणाले, "पुढच्या वर्षी कमिटीला आधी विचारा." मी म्हटलं, "विचारेन, आणि करेन."

तीन दिवस लेकीने खोलीतला दिवा मालवू दिला नाही, बाथरूमलाही एकटी गेली नाही. बघ, मी सांगत होतो, असं तुम्ही म्हणाला असतात. बघितलं, बाबा. रोज संध्याकाळी होमवर्क झाला की तीच येऊन बसते आणि आणखी एक गोष्ट मागते. देवचाराची ऐकून तिने विचारलं, "डझ ही नो द वे टू कतार?" मी म्हटलं, "माहीत नसेल तर शिकेल." भीती तिची आहे, ती तिच्याकडेच राहील. मी ती चुलीत घालणार नाही.

हे सगळं मी ऑफिसच्या डायरीत लिहितेय आणि ते इथेच राहणार आहे. फक्त एक सांगायचं आहे. हॉस्पिटलमध्ये शेवटच्या आठवड्यात, एका दुपारी, तुम्ही माझं मनगट धरलंत आणि विचारलंत, "दाराशी कोण उभं आहे?" मी वळून पाहिलं आणि म्हटलं, "कोणी नाही, बाबा. पडदा आहे." वर्गात कोणाचं उत्तर बरोबर आलं की हलवायचात तशी तुम्ही मान हलवलीत, पण मनगट सोडलं नाहीत. तो कसा दिसतो, तुम्हाला काय म्हणतो, हे मला विचारायचं होतं. तुमचा मान राखायचा म्हणून विचारलं नाही, असं मी आईला सांगितलं, नवऱ्याला सांगितलं. ते खरं नाही. मी घाबरले होते.