तेरा नंबरचा प्लॉट

सरोजिनी नगर, २० नोव्हेंबर ९७, संध्याकाळ

चालला. माझा पहिला प्रोग्राम चालला. करोल बागच्या कंप्युटर क्लासला जायला लागून जेमतेम तीन महिने झालेत.

गुडगावच्या नव्या कॉलनीत १३ नंबरचा प्लॉट कुणी घेईना, म्हणून साहेबांनी सगळ्या कागदांत १३ चा १२ए करायला सांगितलं. काल माझ्या प्रोग्रामनं ११३ चाही ११२ए करून ठेवला. हेडक्लार्क खन्नाजी म्हणाले, "मॅडम, आप टाइपिंग ही कीजिए." ते फार लागलं.

आज त्याला आधी दोन्ही बाजूंना बघायला शिकवलं. शेजारी आकडा असेल तर हात लावायचा नाही. खन्नाजींनी पानं उलटत मुद्दाम ११३ शोधला. तसाच होता. नुसतं "अच्छा" म्हणाले. तो "अच्छा" अजून कानात आहे.

फक्त एक झालं. त्याच फाइलमध्ये स्टाफचे पत्ते होते, तर माझ्या पत्त्यातला, बाबांच्या सरकारी क्वार्टरचा नंबरही १२ए झाला. प्रोग्रामची काय चूक? सांगितलं तेच केलं त्यानं. मी हातानं परत १३ टाइप केला.

अशुभ म्हणे. प्रोग्राम तर मी याच घरात बसून लिहिला.